उस्ताद, गाडीची मॅट यंदा कोरडी आहे

खानापूर, खंडेनवमी

उस्ताद,

सलाम. सकाळी गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. पण पूजेआधी ड्रायव्हर सीटखालची मॅट उचलून पत्र्यावर हात फिरवला. कोरडा. जूनपासून दर पंधरवड्याला हेच चाललंय, घरचे हसतात. म्हटलं आता पावसाळा सरला, आता उस्तादांना लिहायला हरकत नाही. गाडीच्या पत्राकामाबद्दल तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही पान्हा शोधायच्या निमित्तानं गाडीखाली शिरता, म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. लेक वाचून दाखवेल तुम्हाला.

गाडी ठाऊक नसलेल्यांसाठी सांगतो. वडिलांची १९९८ सालची मारुती ८००, पांढरी, केए-२२ पासिंगची. कंपनीनं ही गाडी काढायची २०१४ मध्ये बंद केली, आणि आमच्या वडिलांनी चालवायची त्याच्या आसपासच. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, ती मुदत शिमग्याच्या सुमारास संपणार होती. त्याआधी दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी ‘बॉडी फर्स्ट क्लास’ करून घेतलेली. तरी मागच्या चाकापुढे रंगाला फोड आले होते, म्हणून बेळगावात तुमच्या शेडमध्ये आणली. मला वाटलं, चार दिवसांचं काम.

तुम्ही काहीच बोलला नाहीत. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक फडक्यात गुंडाळलात आणि रनिंग बोर्डावरून, म्हणजे दाराखालच्या पत्र्यावरून, फिरवत नेलात. दाराच्या खांबाशी तो घट्ट चिकटला, चार बोटं पुढे गेल्यावर हातातून सुटून खाली पडला. मग स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबलात, तो मुठीपर्यंत आत. पुट्टीची, म्हणजे खड्डे बुजवायच्या लेपाची, वीतभर खपली निघून आली आणि तिच्या मागून कानडी वर्तमानपत्राचा बोळा. बोळ्यावरची तारीख सुद्धा वाचता येत होती. माझा चेहरा बघून म्हणालात, “पैसे गेले मास्तर, गाडी गेली नाही अजून.”

खर्चाचा आकडा विचारला तर तुम्ही सांगितला नाहीत. सगळं उघडल्याशिवाय आकडा नाही, आणि उघडायचं मास्तरांनी. रविवारी यायचं, दिवाळीच्या सुट्टीत रोज यायचं. तेव्हा मला राग आला होता, आज कबूल करतो. स्विचबोर्डापलीकडे मी कधी काही उघडलं नव्हतं. तुमचा हिशेब सरळ होता: उघडण्याच्या मजुरीतच मास्तरांचे पैसे संपले तर पत्रा कशानं बसवायचा?

बंपर, जाळी, दिवे निघाले. फेंडरचे बोल्ट आले तेव्हा माझी परीक्षा सुरू झाली. दहाचा पान्हा लावला, जोर दिला, बोल्टाचं डोकं हातात. दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याला तुम्ही मागून आलात. “काय करालासा मास्तर? कुस्ती?” डिझेल लावून रात्रभर ठेवायचं, सकाळी आधी घट्ट बाजूला किंचित पिळायचं, कट् असा आवाज आला की मग सैल बाजूला. उरलेल्यांतला एकच तुटला.

सुटे भाग ठेवायला मी लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं आणली होती. प्रत्येकावर सुवाच्य अक्षरात ‘डावा दिवा’, ‘उजवा फेंडर’. दोन रविवार गेल्यावर कळलं की मी गाडीसमोर उभं राहून डावं-उजवं लिहिलंय आणि तुमच्या पोरानं सीटवर बसून, तेही कानडीत ‘एड’ आणि ‘बल’. तुम्ही सगळी पाकिटं उलटी करायला लावलीत. गाडीला डावं-उजवं नसतं, ड्रायव्हर साईड आणि क्लीनर साईड असते. आयुष्यभर फळ्यावर अक्ष काढणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं.

खरी गोष्ट मॅटखाली होती. नमदा, म्हणजे मॅटखालचं जाड अस्तर, उचलला तर भिजलेल्या गोधडीसारखा जड, त्याखाली पत्रा नव्हताच, तांबडी पापडी होती. मी म्हटलं, खानापूरचा पाऊस, लाल चिखल, खालून कुजली असणार. तुम्ही विचारलंत, “मग खालचा रंग अजून चिकटून कसा?” आणि मला टॉर्च देऊन आत आडवं केलंत, पोराला काचेवर पाईप धरायला सांगितलंत. बराच वेळ काही नाही. मग फ्यूजच्या डबीमागून एक थेंब आला, थांबला, ओघळला. मागून दुसरा. समोरच्या काचेच्या रबराखाली कोपऱ्यात काच बसते तो पत्र्याचा चॅनेल गंजला होता. पाणी तिथून डॅशबोर्डामागून उतरून नमद्यात साठत होतं आणि गाडी आतून बाहेर कुजत होती. आधीच्यांनी काच न काढताच रंग मारला होता, शिवाय रनिंग बोर्डाखालची पाणी निघायची भोकंही पुट्टीनं बुजवून टाकली होती. बाकीचं पाप माझं. वडिलांची गाडी म्हणून मी तिला चार महिने ताडपत्रीत गुंडाळून ठेवत होतो, खाली ओली माती, वर प्लास्टिक. “तुम्ही रेनकोट घालून झोपता का?” एवढंच विचारलंत.

यानंतर दुसऱ्या कुणी दोन्ही बाजू कापून गाडी उभी केली असती. तुम्ही आधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल टाकून घेतलात, कारण ८०० ला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, बॉडी हीच चासी. दोन्ही रनिंग बोर्ड एकदम कापले तर मधून बसेल आणि दारं जन्मात लागणार नाहीत. बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवून शेडबाहेर नेली, ओली पोती अंथरली, पाण्याची बादली जवळ. जुने स्पॉट, म्हणजे कंपनीतल्या वेल्डिंगचे ठिपके, मला घासून शोधायला लावलेत. काठावर हरभऱ्याएवढे खळगे दिसतात, एकेक ड्रिल करून वरचा पत्रा सोडवायचा. एका बाजूला दीड दिवस गेला आणि तो दीड दिवस मला फार आवडला, का ते सांगता येत नाही.

पत्र्यावरून आपलं भांडण झालं. मी शहाणपणा करून जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पत्रा सुचवला, गंजणार नाही म्हणून. तुम्ही नाही म्हणालात. जस्ताच्या मुलाम्यावर वेल्डिंगचा टाका नीट बसत नाही आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री माणूस तापानं फणफणतो. शिकाऊ असताना तुम्ही ते भोगलंय. मग वीस गेज जाडीचा, मुलामा नसलेला सीआरसी पत्रा. वह्यांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा नमुना कापून मी तो उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत बेंडिंगला, म्हणजे पत्रा वाकवून घ्यायला, घेऊन गेलो आणि परत येईपर्यंत स्वतःला मिस्त्री समजत होतो. इथं एक टाका, मग वीतभर सोडून तिथं एक, मग पुन्हा मागे, असं सीओटू वायूचं वेल्डिंग चाललं, म्हणजे पत्रा तापून वाकडा होत नाही. आणि दर थोड्या वेळानं दार टांगून लावून बघायचं. मी कंटाळलो, तुम्ही नाही. शेवटी एकदा दार ‘धप्प’ न वाजता ‘खट्’ वाजलं. वडिलांच्या वेळी असंच वाजायचं. मी काही बोललो नाही, तुम्हीही नळाकडे हात धुवायला गेलात.

अ‍ॅसिड, प्रायमर, सांध्यातलं सीलंट, रनिंग बोर्डाच्या पोकळ बॉक्सच्या आत नळीनं मारलेलं मेण, ते सगळं झालं. भोकं तेवढी उघडी ठेवलीत आणि मला बोट घालून बघायला लावलंत.

खर्च गाडीच्या बाजारभावापेक्षा जास्त झाला. गणिताचा मास्तर असून हे गणित मी शाळेत कुणाला सांगितलेलं नाही. पण तुम्ही पहिल्याच दिवशी वरून आणखी एक हात पुट्टी मारून दिली असती, तर मी हसतमुखानं पैसे मोजून गेलो असतो, हे तुम्हालाही ठाऊक होतं. आभार त्या स्क्रू ड्रायव्हरचे आहेत. उघडणावळीचा एक पैसा तुम्ही लावला नाहीत, त्याबद्दल बोलायला गेलो तर पुन्हा गाडीखाली जाल, म्हणून थांबतो.

ताडपत्री भाताची गंजी झाकायला भावाला दिली. गाडीवर आता नुसतं पत्र्याचं छप्पर आहे, चारी बाजूंनी वारा.

एक अडचण मात्र आहे. ड्रायव्हर साईड, क्लीनर साईड सगळी पाकिटं रिकामी झाली, पण एक राहिलंय. त्यात दोन स्क्रू आणि एक क्लिप आहे, वर माझ्याच अक्षरात ‘मागचं’ एवढंच लिहिलंय. गाडी चालते, काही वाजत नाही, तरी झोप लागत नाही. येत्या रविवारी पाकीट आणि अर्धा किलो कुंदा घेऊन येतो. कुंदा आधी संपवू, मग पाकीट उघडू.

तुमचा,
मास्तर