माघी पौर्णिमेला कुणकेश्वर

शिवाजी पेठ, कोल्हापूर

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आई मधेच "जेवलीस का" विचारून विषय मोडते, म्हणून लिहितेय. मी पहाटे समुद्रावर एकटी जाते या काळजीत तुम्ही दोघं बसलाय, असं दादा म्हणाला. एकटी नव्हते, चौघं होतो. आदल्या दिवशीच गगनबावड्याहून करूळ घाट उतरून, तळेऱ्यावरून कुणकेश्वरला मुक्कामाला गेलो.

बाबा, तुम्ही म्हणाला होता, कोकणात समुद्रावर सूर्योदय कसला बघायचा, सूर्य तर सह्याद्रीकडून येणार. बरोबर आहे, आणि म्हणूनच गेलो. सूर्य वर यायच्या आधी समुद्राच्या टोकाला निळसर करडा पट्टा दिसतो, त्याच्यावर गुलाबी. तो निळा पट्टा म्हणजे पृथ्वीचीच सावली! पौर्णिमेला चंद्रही साधारण त्याच वेळी तिथेच मावळतो.

पौर्णिमा धरण्याचं दुसरं कारण पाणी. कोकणात भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती सव्वाअकराच्या आसपास आणि ओहोटी पहाटे पाचच्या सुमाराला. कोष्टक मोबाइलवर असतंच, पण हा हिशेब बाबांना आवडेल. उधाणाची ओहोटी असल्यानं पाणी लांब आत जातं, मंदिराजवळचा कातळ उघडा पडतो, त्यावर कोरलेल्या पिंडी दिसतात. आम्ही साडेपाचला उतरलो आणि पाणी चढायला लागलं तसं मागे सरकत राहिलो. समुद्राकडे पाठ करायची नाही. शेवाळावर पाय द्यायचा नाही, हा नियम तर आईचाच, परसातल्या हौदाजवळचा.

ट्रायपॉडचे पाय खाचेत रोवून शटर दोन सेकंद उघडं ठेवलं. तेवढ्यात लाट कातळावरून ओघळत परत जाते आणि फोटोत पांढऱ्या रेघा उमटतात. जास्त वेळ ठेवलं की पाण्याचं नुसतं धुकं होतं. हल्ली सगळे तेच करतात, मला नाही आवडत. खारट तुषार इतके, की दर फोटोनंतर लेन्स पुसायची. कालवं काढायला आलेली एक आजी जरा वेळ बघत उभी राहिली, मग म्हणाली, "सूर्य थंय उगवता, तू हंय काय बघतंस गो?" तिला स्क्रीनवर फोटो दाखवला. "बरो इलो," म्हणाली आणि कामाला लागली.

सूर्य टेकडीवर आल्यावर आधी लांबच्या लाटांचे शेंडे उजळले, मग मंदिराचा कळस. आमच्या पायाखालचा कातळ तेव्हाही सावलीतच होता.

आईच्या डोळ्यांची पट्टी निघाली की माघी पौर्णिमेला सगळेच जाऊया, महाशिवरात्रीची यात्रा भरायच्या आधी. गाडी मंदिराजवळ जाते, बाबांच्या गुडघ्यांना त्रास नाही. कातळावर तुम्हाला नेणार नाही, वाळूत खुर्च्या टाकू. बाबांचा याशिका कॅमेरा कपाटातून काढून ठेवलाय, रोल मागवते. डॉक्टरांना विचारून कळवा, म्हणजे खोली सांगून ठेवता येईल.

तुमची,
धाकटी