भरतीरेषा पाहिली, पावसाचे पाणी कोणी पाहिले?

महोदय,

धारावीच्या पुनर्विकासात जी कुटुंबे ‘अपात्र’ ठरतील, त्यांच्यासाठी पूर्व उपनगरांतील मिठागरांवर घरे बांधायचे घाटत आहे. राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये त्यासाठी २५५.९ एकर जमिनीला मंजुरी दिली. त्यात कांजूरमार्गच्या आर्थर मिठागराचे १२०.५ एकर, कांजूर-भांडुपच्या जेनकिन्सचे ७६.९ आणि मुलुंडच्या जामास्पचे ५८.५ एकर आहेत. हरकत घेतली की सरकारचे उत्तर ठरलेले असते : जागा पूर्व द्रुतगती महामार्गाच्या पश्चिमेला आहे, महामार्ग झाल्यापासून खाडीचे पाणी तिथे येत नाही, सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरील निर्बंधांचा, प्रश्नच नाही.

हे सगळे मान्य केले तरी त्यातून एवढेच कळते की समुद्र तिथवर पोचत नाही. भांडुप-कांजूरच्या पूर्वेला राहणाऱ्यांची काळजी दुसऱ्या बाजूची आहे. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरउतारावर पडलेला पाऊस नाल्यांतून खाली येतो, लाल बहादूर शास्त्री मार्ग आणि रेल्वे ओलांडतो आणि मग महामार्गाखालच्या मोऱ्यांतून ठाणे खाडीला मिळतो. जोराच्या पावसात कांजूरमार्ग ते नाहूरदरम्यान रुळांवर पाणी येऊन गाड्या थांबतात, ते याच वाटेवर. पावसाळ्यात आगरात मीठ पिकत नाही, तिथे पाणी साचून राहते. म्हणजे सरकार ज्याला जमेची बाजू म्हणते, तेच आमच्या काळजीचे कारण आहे. महामार्गाच्या अलीकडची ही जमीन म्हणजे खाडीत उतरण्याआधी पाण्याला थांबायला उरलेली शेवटची जागा.

आणि थांबावे तर लागतेच. मुंबईत पावसाचे पाणी समुद्रात सोडणारी १८६ मुखे आहेत. त्यांतली ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली, आणि भरतीच्या वर फक्त सहा. भरती असताना बाकीची मुखे एक तर बंद ठेवायची, नाहीतर समुद्र आत घ्यायचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि दुपारी तीनच्या सुमारास जवळजवळ साडेचार मीटरची भरती होती. त्या दिवशी कुलाब्यात पाऊस ७५ मिलिमीटरच्या आतच होता, हे मुद्दाम सांगतो. मंत्रालयातून शहर पाहिले तर उपनगर कळत नाही, ते असे.

भराव घालून जोते उंच केले की नव्या इमारती कोरड्या राहतील, यात शंका नाही. पण तिथे मावणारे पाणी मग मागे, रेल्वे आणि महामार्गाच्या मधल्या जुन्या चाळींत आणि बैठ्या वस्त्यांत शिरेल. मिठीच्या काठी खाजणात भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले, नदीचे पात्र आवळले गेले आणि २००५ मध्ये कुर्ला-कलिना किती पाण्यात होते, हे सर्वांनी पाहिले.

आता यातली गंमत पाहा. मुंबईतल्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ चा. त्यातून ठरलेल्या, पाणी उपसून समुद्रात सोडणाऱ्या आठ उदंचन केंद्रांपैकी सहा झाली. पूर्वेकडचे माहुलचे केंद्र मात्र वर्षानुवर्षे रखडले, आणि त्याचे एक मोठे कारण म्हणजे मिठागरांच्या जमिनी ज्यांच्या ताब्यात असतात त्या केंद्राच्या मीठ आयुक्तांची जागा मिळेना. पाणी उपसायला मिठागराचा तुकडा मिळवताना एवढी यातायात, आणि पाणी अडवायला अडीचशे एकर मिळतात.

माहुलचे नाव आणखी एका कारणाने आठवते. तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवून हजारो कुटुंबे तिथे रिफायनऱ्यांच्या शेजारी नेऊन ठेवली. तिथल्या हवेत राहण्याची सक्ती करता येणार नाही, असे अखेर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले आणि घरभाड्यापोटी महिना १५ हजार रुपये देण्याचा आदेश झाला. घर मिळाले, पण कुठे मिळाले, हा प्रश्न इमारती उभ्या राहिल्यावर विचारला गेला. धारावीत १ जानेवारी २००० पूर्वीचे तळमजल्याचे घर असेल तर तिथेच पुनर्वसन. त्यानंतर आलेले आणि वरच्या मजल्यांवर राहणारे बाहेर. वांद्रे-कुर्ला संकुलाला खेटून असलेल्या त्याच धारावीत विक्रीच्या इमारती होणार, त्यांना मात्र जागेची अडचण नाही.

मुलुंड-भांडुपमधल्या विरोधात वेगवेगळे सूर आहेत, तेही स्पष्ट लिहितो. ‘धारावीची माणसे आमच्याकडे नकोत’ हा त्यातला एक, आणि त्याच्याशी माझा काडीचा संबंध नाही. इथे टोलेजंग मनोरे उठले तेव्हा पाण्याचा प्रश्न किती सोसायट्यांनी विचारला? खाडीतल्या फ्लेमिंगो पक्ष्यांविषयी लिहिणारेही पुष्कळ आहेत. मला मिठागरावर राहायला येणाऱ्या आणि त्यांच्यामागे आधीपासून राहणाऱ्या माणसांविषयी बोलायचे आहे.

महापालिकेने २०२२ मध्ये वातावरण कृती आराखडा काढला, त्यात शहरातील पुराचा स्वतंत्र विचार आहे. तोच धागा धरून या तीन जागांना मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याचे पाणलोट क्षेत्र, महामार्गाखालच्या मोऱ्यांची वहनक्षमता आणि भरतीच्या वेळी पाणी किती तास थांबते, याचा अभ्यास भरावाचा पहिला डंपर येण्यापूर्वी मराठीत प्रसिद्ध करावा. महापालिकेच्या ‘एस’ (भांडुप) आणि ‘टी’ (मुलुंड) विभाग कार्यालयांत त्यावर सुनावणी घ्यावी आणि तिला धारावीतल्या त्या कुटुंबांनाही बोलवावे. उपसा पंप लागणार असतील तर त्यांचा आणि विजेचा खर्च प्रकल्प कंपनी करणार, महापालिका करणार की तिथे राहायला येणाऱ्यांच्या मासिक देखभाल खर्चात तो घातला जाणार, हेही त्याच अहवालात लिहिलेले असावे.

– एक वाचक, भांडुप (पूर्व)