म्युनिकचे दोन दिवस

महोदय,

जर्मनीत मुलाबाळांना भेटायला जाणारे अनेक सातारकर दोन दिवस म्युनिकसाठी काढतात. त्यात रविवार येत असेल तर खरेदी शनिवारीच उरकावी, रविवारी दुकाने बंद. आल्टे पिनाकोथेक हे चित्रसंग्रहालय मात्र त्या दिवशी १ युरोत पाहता येते. सोमवारी त्याला सुट्टी.

मारिएनप्लाट्झ चौकातल्या घड्याळाच्या बाहुल्या सकाळी ११ आणि दुपारी १२ वाजता नाचतात. खाली गर्दीत मान दुखवून घेण्यापेक्षा शेजारच्या सेंट पीटर चर्चचा मनोरा चढावा. पायऱ्या ३०० च्या वर आणि लिफ्ट नाही, तेव्हा गुडघे कुरकुरत असतील तर नाद सोडलेला बरा.

शाकाहाऱ्यांना चीज आणि परतलेला कांदा घातलेले केझेश्पेट्झले (मऊ, जाडसर नूडल्स) पोटभर होते, पण त्यात अंडे असते. भाज्यांचे सूपही विचारूनच घ्यावे, कारण ते अनेकदा हाडांच्या रश्शात शिजवतात. बिअर गार्डनमध्ये ज्या टेबलांवर कापड नसते, तिथे आपला डबा खुशाल उघडता येतो. पेय तेवढे तिथलेच घ्यायचे. चकली, शेंगदाण्याची चटणी चालते. कंदी पेढे मात्र नेऊ नयेत! युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे, सापडले की जप्त होतात.

शहरातल्या मेट्रो-लोकलच्या छापील तिकिटावर आधीच शिक्का नसेल तर फलाटावर जाण्यापूर्वी यंत्रात मारून घ्यावा. तिकीट खिशात असले तरी शिक्क्याशिवाय ६० युरो दंड होतो.

– एक वाचक, सातारा