आई-बाबांना, त्या हरलेल्या मॅचबद्दल

आई, बाबा,

रविवारी फोनवर नीट बोलणं झालंच नाही, रेंज जात होती आणि आई मधेच "भाकरी करपली" म्हणून उठली ती परत आलीच नाही, म्हणून हे टाइप करून पाठवतेय. बाबा, दादाला प्रिंट काढून द्यायला सांगा, मोबाइलवर डोळे ताणत बसू नका. आणि आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला पाठवलेला नाही.

बाबांनी विचारलं होतं की आपण बघायला गेलो होतो त्या लुइव्हिल युनिव्हर्सिटीच्या बास्केटबॉल टीमचं आणि "त्या उंच कोचचं" पुढं काय झालं. नोव्हेंबर २०२२ ची गोष्ट, आठवतंय ना, अमेरिकेत लुइव्हिलमधली तुमची पहिलीच थंडी, नदीकाठचं ते २२ हजार सीटचं केएफसी यम सेंटर ज्याला आई अजून कोंबडीवाल्यांचं स्टेडियम म्हणते, आणि बॅग आत नेऊ देत नाहीत म्हणून चिवडा स्वेटरच्या खिशात. समोर होतं याच गावातलं बेलार्माइन नावाचं छोटं कॉलेज आणि आपण ६७-६६ नं हरलो. बाबांना बास्केटबॉलचा एक नियम माहीत नाही, पण दहा मिनिटांत म्हणाले, "ही पोरं एकमेकांशी बोलतच नाहीत की गं." मी हसले होते.

तर पुढच्या दोन मॅचपण एकेक पॉइंटनंच गेल्या. पहिल्या नऊच्या नऊ हरले. वर्षभरात ४ जिंकल्या, २८ हरल्या. पुढच्या वर्षी ८ आणि २४. मार्च २०२४ मध्ये कोच केनी पेन यांना काढलं. दोन वर्षांत १२ विजय आणि ५२ पराभव, आणि हे त्या कॉलेजात जिथं १९८० आणि १९८६ ची नॅशनल चॅम्पियनशिप आहे. २०१३ ची पण होती पण ती काढून घेतली, बॅनरसुद्धा उतरवला, त्यामागची भानगड मी तेव्हा सांगितली नाही कारण आईसमोर सांगण्यासारखी नव्हती.

मला वाईट वाटतं ते याचं की हा माणूस बाहेरून आणलेला नव्हता. १९८६ च्या टीममध्ये तो स्वतः होता, पहिल्या वर्षाचा पोरगा. नंतर केंटकी युनिव्हर्सिटीला, म्हणजे आमच्या पक्क्या वैऱ्याकडे, दहा वर्षं असिस्टंट होता आणि तिथं त्याचं नाव कशासाठी तर पोरं आणण्यासाठी. त्याला इथं रिक्रूटिंग म्हणतात. बाबा, तुम्ही शाळेच्या खो-खो टीमसाठी लुना काढून वाडीवर जायचात, सोप्यावर बसून चहा घ्यायचात आणि पोरीच्या वडलांना म्हणायचात "चार दिवस संध्याकाळी पाठवा, अंधार झाला तर सोडायला मी येतो", तेच. फक्त इथं विमानानं जातात.

पेन इथं कोच म्हणून आल्यावर सगळ्यांचा डोळा एका पोरावर होता, डीजे वॅग्नर. त्याचे आजोबा मिल्ट वॅग्नर, तेपण १९८६ च्या टीममधले, पेनसोबत खेळलेले. आजोबांना प्रोग्रॅममध्ये नोकरीसुद्धा दिली. गावात सगळे धरूनच चालले होते की सोयरीक जमली, आता फक्त सुपारी फुटायची राहिलीय. आणि आपण ती मॅच बघितली त्याच महिन्यात पोरानं केंटकी निवडलं! ऑफिसात दुसऱ्या दिवशी घरात कुणी गेल्यासारखी शांतता. मग पुढच्या उन्हाळ्यात ट्रेंटिन फ्लॉवर्स म्हणून एक चांगला पोरगा आला, आणि एकही मॅच न खेळता ऑगस्टमध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्रोफेशनल टीमकडे निघून गेला. पाटावर बसलेला माणूस उठून गेला म्हणा.

कारणं लोक बरीच सांगतात आणि ती खोटी नाहीत. दुसऱ्या एका जुन्या प्रकरणाची एनसीएएची, म्हणजे कॉलेजच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या संस्थेची, टांगती तलवार नोव्हेंबर २०२२ पर्यंत होती, निकालात मोठी शिक्षा झाली नाही पण तोवर कुठले आईबाप पोराला अशा ठिकाणी पाठवतील. २०२१ पासून पोरांना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे घेता येतात, आणि कॉलेज बदललं तर वर्षभर बाकावर बसायची सक्तीपण गेली, ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलणाऱ्यांच्या यादीत, नाव टाकलं की झालं. म्हणजे एकदा आणलेलं पोर दरवर्षी परत मनवायचं. पण सगळं खापर पोर्टलवर फोडणं मला पटत नाही, कारण नंतर आलेल्या पॅट केल्सी यांनी त्याच पोर्टलमधून जवळजवळ अख्खी टीम उभी केली आणि पहिल्याच वर्षी २७ जिंकल्या. पेनना घरोघर जाऊन माणसं जोडता यायची, पण आणलेल्यांची एक टीम काही झाली नाही. बाबा, तुम्ही दहा मिनिटांत बोललात तेच.

गंमत म्हणजे २०२४ मध्येच पेन अर्कान्सास युनिव्हर्सिटीला परत असिस्टंट म्हणून गेले, केंटकीतल्या त्यांच्या जुन्या साहेबांच्या हाताखाली. आणि तो डीजे वॅग्नरपण केंटकी सोडून तिथंच गेला. शेवटी मिळाला, पण दुसऱ्याच्या टीममध्ये.

दुसऱ्या वर्षी मी एकटी जायची मॅचला. तिकीट दोन कॉफीच्या पैशात मिळायचं, वरचे मजले काळोखे, आणि एवढ्या मोठ्या हॉलमध्ये कोर्टवरच्या बुटांची चर्रचर्र वरपर्यंत ऐकू यायची. पेन हाताची घडी घालून उभे. मला एकदम शाळेचं ग्राउंड आठवलं, तुमच्या शेवटच्या दोन वर्षांतलं. दुसऱ्या शाळेनं हॉस्टेल आणि बूट देतो म्हणून तुमच्या तीन पोरी नेल्या, उरलेल्या क्लासला जायला लागल्या, आणि तुम्ही तरी रोज साडेपाचला चुना घेऊन खो-खोच्या रेषा मारत होता. मी सायकलवरून क्लासला जाताना बघायचे आणि मान खाली घालायचे. कारण मीपण त्या क्लासवाल्यांतलीच, नववीत खेळणं सोडलं, घरातच राहून सोडलं, आणि तुम्ही एकदासुद्धा विचारलं नाहीत. वाडीवरच्या पोरींच्या बापाला मनवायला जायचात, मला का नाही मनवलं?

त्या वर्षी तालुक्याला टीम गेली नाही. आई म्हणाली होती पोरी कमी पडल्या. मला आकडा कधी विचारायचं धाडस झालं नाही, पण मैदानात नऊ लागतात, आणि मी मनात मोजते तेव्हा सुनंदा, दोघी जुळ्या, कासाराची रेश्मा असं करत आठ येतात. बाबा, आठच होत्या का?

तुमची,
छकुली