‘बसल्या बसल्या’ दहा हजार टाके

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही क्रोशाच्या रंगीबेरंगी सुती पिशव्यांना अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आभार. फोटो मी कापून ठेवलाय. पण मजकुरात ‘मशीनवर विणलेल्या क्रोशाच्या पिशव्या साडेतीनशे रुपयांपासून’ असं एक वाक्य आहे, आणि खाली चौकटीत ‘गृहिणींनो, फावल्या वेळात बसल्या बसल्या कमवा’ असं दुसरं. वाचता वाचता चहा गार झाला. पत्र लांबेल. काटछाट तुमच्या हाती, फक्त आकडे तेवढे कापू नका.

मी इचलकरंजीची. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून या गावाला खडखडाट असल्याशिवाय झोप लागत नाही. आमच्या घराला लागूनच आठ माग होते. यजमान खर्चीवाले. म्हणजे सूत-बीम व्यापाऱ्याचं, माग आणि लाइटबिल आपलं, आणि हातात येणार ती मजुरी. मी लग्न होऊन आले आणि पंधराव्या दिवशी कांड्या, म्हणजे मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या, भरायला बसले. यजमान गेले, माग भंगारात गेले, शेडमध्ये आता मुलाची मोटारसायकल असते आणि माझे दोऱ्याचे डबे. सांगायचं कारण एवढंच, की यंत्राला काय जमतं आणि काय नाही याचा थोडा अंदाज मला आहे.

तर, क्रोशाची पिशवी मशीनवर होत नाही. अजून तरी नाही. परदेशात प्रयोगशाळांमधून खटपट चालू आहे म्हणे, पण कारखान्यात लावून पिशव्या काढाव्यात असं यंत्र नाही. लेस-झालरीच्या धंद्यात ‘क्रोशे मशीन’ नावाचं एक यंत्र असतं, त्यावरून तुमच्या बातमीदाराची गफलत झाली असेल. त्याची वीण वेगळी असते, क्रोशासारखं नुसतं दिसतं. मी हे आमच्या जुन्या जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, विचारलं होतं. आयुष्यभर धोट्यांशी भांडलेला माणूस. त्याने माझ्या हातातली अर्धी पिशवी उलटसुलट केली, सुई कानाजवळ नेऊन (का, ते त्यालाच ठाऊक) पाहिली आणि म्हणाला, “वहिनी, विणायच्या मशिनीत शेकडो सुया असतात, प्रत्येकीवर एकेक फासा उघडा. सगळ्यांनी मिळून पुढं-मागं केलं की झालं. तुमच्या सुईवर उघडा फासा एकच. आणि पुढचा टाका घालायला सुई कुठं खुपसायची, ते तुम्ही झालेलं काम बघून ठरवताय. मशिनीला डोळा कुठनं आणू?”

म्हणजे साडेतीनशेची पिशवी खरोखर क्रोशाची असेल, तर ती कुणीतरी हाताने केलेली आहे. कुणीतरी म्हणजे बहुतेक कुठल्यातरी बाईनेच. दुकानदार, मधला दलाल आणि दोरा वजा जाता तिच्या हातावर काय पडलं असेल, हे विचारायला हवं होतं. तुम्ही बिचारीच्या जागी मशीन बसवून मोकळे झालात.

आता माझं सांगते. सातवीत असताना शाळेतल्या हस्तकलेच्या बाईंनी सुई हातात दिली. साखळी, मुका खांब (बुटका, घट्ट टाका), अर्धा खांब, खांब (उंच, सैल टाका). चुकलं की उसवायला लावायच्या, आणि उसवलेला दोरा मळलेला असतो म्हणून वर ओरडायच्या. त्या काळी क्रोशा म्हणजे पांढरा. रुखवतातलं तोरण पांढरं, रेडिओवरचा रुमाल पांढरा, ताटावरची झाकणी पांढरी. रंगाचं काम लोकरीत. माझ्या रुखवतातलं तोरण पंधरा वर्षं दारावर होतं आणि नंतर सुताच्या धुळीने ते कुठल्या रंगाचं होतं हे सांगता येईना.

रंगीत पिशवीचं खूळ नातीने आणलं. ती पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. तिने मोबाइलवर इंग्रजी कृती काढून वाचून दाखवायची आणि मी विणायचं, असं ठरलं. कृतीत ‘डबल क्रोशे’ होतं. नात म्हणाली, “आजी, डबल म्हणजे तुझा खांब.” मी घातले खांब. पिशवी वाढता वाढता मांजराच्या पिंजऱ्याएवढी उंच झाली, आणि जाळी अशी की आत टाकलेली किल्ली खालून बाहेर. मग तिच्या लक्षात आलं की कृती इंग्लंडची होती. इंग्लंडचे लोक मुक्या खांबाला ‘डबल’ म्हणतात आणि अमेरिकेचे लोक त्यालाच ‘सिंगल’ म्हणतात. दीडशे वर्षं राज्य केलं, पण खांबाला एक नाव ठरवता आलं नाही. आपलं ‘मुका खांब’ बरं, गोंधळ नाही.

दुसरी पिशवी मुक्या खांबांची, घट्ट. पण खांद्याला लावायचे बंद मी हौसेने खांबांचे केले, लवकर होतात म्हणून. सुती दोरा लोकरीसारखा परत आखडत नाही. नातीने त्यात लॅपटॉपचा चार्जर, डबा आणि पाण्याची बाटली घातली. महिन्याभरात पिशवी गुडघ्याला लागायला लागली. तिसऱ्या पिशवीचा रंग गेला. डाळिंबी दोरा सुटा घेतला होता, बाजारातून, स्वस्तात. पहिल्या धुण्यात अबोलीच्या पट्ट्यावर उतरला तो कायमचा. शेजारीण म्हणाली मीठ घाल, जाऊबाई म्हणाल्या व्हिनेगर. दोन्ही घातलं. पिशवीला लोणच्याचा वास आला, रंग जात राहिलाच. आता प्रत्येक नव्या गुंड्याचा वीतभर दोरा ओला करून पांढऱ्या रुमालात रात्रभर दाबून ठेवते. सकाळी रुमाल कोरा निघाला तरच तो दोरा डब्यात.

चौथी जमली. ती अशी : तीन नंबरची सुई, आठ पदरी सुती दोरा, सहा रंग. मोरपंखी, हळदी, राणी, पोपटी, आमसुली आणि चिंतामणी. तळ लांबट, पाच फेऱ्यांचा. मग 120 टाक्यांवर वर चढत जायचं, साठ फेरे. रंग बदलायचा तर आधीच्या टाक्याचा शेवटचा वेढाच नव्या दोऱ्याने ओढून घ्यायचा, नाहीतर जुना रंग नव्या पट्ट्यात चिमटीएवढा डोकावतो. गोल विणताना टाके दर फेऱ्याला किंचित उजवीकडे कलतात, त्यामुळे रंगांचा सांधा सरळ रेषेत राहत नाही, वेलीसारखा तिरका चढतो. पहिल्यांदा मला वाटलं माझंच चुकतंय. चुकत नव्हतं, त्या टाक्याचा स्वभावच तो. मी सुरुवात कडेला धरते, म्हणजे सांधा बंदाखाली लपतो. दोन बंद, मुक्या खांबांचे, आठ टाके रुंद. आत मांजरपाटाचं अस्तर आणि चेन. पट्टे बदलताना राहिलेली दोऱ्यांची टोकं सुईने आत लपवायला एक अख्खी दुपार जाते. हे काम कुठल्या व्हिडिओत दाखवत नाहीत.

ती पिशवी घेऊन मी बचत गटाच्या प्रदर्शनात बसले. किंमत चौदाशे. एक बाई आल्या, चांगल्या घरच्या, गाडीची किल्ली बोटात फिरवत. पिशवी आवडली. खांद्याला लावून पाहिली, मोबाइलमध्ये स्वतःला पाहिलं. म्हणाल्या, “पाचशेला द्या.” मी म्हटलं, “ताई, दोरा-अस्तरच पावणेपाचशेच्या वर गेलंय.” त्यावर म्हणाल्या, “पण घरीच तर करता ना, बसल्या बसल्या!”

शेजारच्या टेबलावर आमच्याच गटाच्या शिवलेल्या कापडी पिशव्या होत्या. 2018 साली प्लॅस्टिकबंदी आली तेव्हापासून त्यांचा खप बरा आहे. त्या वीस-तीस रुपयांत परवडतात, कारण शिलाई मशीनवर एक बाई तासाभरात ढीग लावते. त्या स्वस्त आहेत, असूद्यात. पण बाईंनी बोट त्यांच्याकडे करून मला विचारलं, “त्या बघा, केवढ्याला आहेत?”

त्या रात्री मी टाके मोजायला बसले. आमच्या गावात हे नवीन नाही. इथे विणकराची मजुरी पिकावर मोजतात. कापडाच्या एका इंचात आडवे धागे किती, त्यावर मीटरचा दर. बावन्न पिक म्हटलं की शाळेतलं पोरही मान हलवतं. दरासाठी मोर्चे निघतात, संप होतात, पेपरात येतं. आडवा धागा मोजायचा हे या गावाच्या रक्तात आहे. मग माझ्या टाक्याने काय घोडं मारलंय? तळाचे 540. अंगाचे 120 गुणिले 60, म्हणजे 7,200. एका बंदाचे 1,152, दोन्हींचे 2,304. एकूण 10,044. दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा मांडीवर मांजर येऊन बसलं.

साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास पिक टाकतो. मी मिनिटाला पंधरा टाके घालते, आणि तेही भाजी करपत नसेल तर. म्हणजे नुसते टाके घालायला अकरा तास. टोकं लपवणं, अस्तर, चेन, तीन तास. झाले चौदा. चौदाशेतून दोरा-अस्तराचे 480 वजा केले की 920. तासाला पासष्ट-सहासष्ट रुपये. हा मी मागितलेला भाव. पाचशेला दिली असती तर चौदा तासांचे वीस रुपये. बसल्या बसल्या. मानेचा पट्टा वेगळा.

माझी भाची कोल्हापूरला कॉलेजात शिकवते. तिला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिने आंध्रातल्या नरसापूरचं सांगितलं. पश्चिम गोदावरी जिल्ह्यातलं गाव. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली, पुढे ती परदेशात जायला लागली. मारिया मीस नावाच्या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाई तिथे जाऊन त्या बायकांशी बोलल्या, त्यावरचं त्यांचं पुस्तक 1982 साली आलं. भाचीने त्यातली काही पानं मला मराठीत सांगितली. घरचं सगळं उरकून दिवसाचे सहा-आठ तास सुई चालवणाऱ्या बायका, पण कामगार म्हणून कुणाच्या हिशेबात नाहीत. व्यापारी म्हणणार, या गृहिणी, रिकाम्या वेळात विणतात. घरचे पुरुषही तेच म्हणणार, आणि लेस विकायला तेच जाणार. रिकाम्या वेळाला दर कसला द्यायचा? 2024 मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं. लेसला मिळालं.

तुमच्या चौकटीतलं ‘फावल्या वेळात’ मला म्हणून टोचलं. कांड्या भरायचे तेव्हाही आमच्या सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, “सून घरीच असते.” बोटांना सूत कापून चिरा पडलेल्या असायच्या.

आता मी प्रत्येक पिशवीला पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवते. ‘टाके 10,044. वेळ 14 तास. दोरा, अस्तर, चेन 480. मजुरी 920.’ काही लोक हसतात. एका काकांनी विचारलं, खरंच मोजलेत का? म्हटलं, उसवून देते, तुम्ही मोजा. मागच्या प्रदर्शनात एक तरुण जोडपं आलं. तो मागावर कामाला, रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. त्याने चिठ्ठी वाचली, मोबाइल काढून भागाकार केला आणि बायकोला म्हणाला, “टाक्याला नऊ पैसे पडतात की गं.” मग माझ्याकडे वळून, “काकू, हा दर कोण ठरवतं?” मी म्हटलं, “जो समोर उभा राहील तो.” त्याने मान हलवली. चौदाशेची पिशवी त्यालाही परवडणारी नव्हती. बायकोने दीडशेचं मोबाइलचं पाकीट घेतलं, त्यावर 1,060 टाके असं लिहिलं होतं. तिने भाव केला नाही.

तेव्हा, ‘मशीनवर विणलेल्या’ या शब्दांची दुरुस्ती छापावी, ही विनंती. आणि पुन्हा पिशव्यांवर लिहाल तेव्हा किमतीसोबत ती करायला किती तास लागले, तेही विचारून छापा. जागा नसेल तर फोटो थोडा लहान करा.

फोटोवरून आठवलं. डावीकडची पिवळी-जांभळी पिशवी सुरेख आहे, पण तिचे बंद खांबांचे आहेत. ताणणार. ज्यांनी घेतली असेल त्यांना कळवा, आतून कापडी पट्टी शिवून घ्या म्हणावं.

आपली,
एक वाचक, इचलकरंजी

(नाव छापू नये. सासूबाईंचं वाक्य वाचून नणंदा विचारायला येतील.)