पोटाच्या ऑपरेशनआधी मेघास पत्र

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. सौ. मेघा हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू चिडलीस, मीही चिडले, आणि जे सांगायचे होते ते राहून गेले, म्हणून हे पत्र लिहिते आहे. तू ऑपरेशन करून घ्यावेस की घेऊ नयेस, याविषयी मला काही म्हणायचे नाही. जुळ्यांच्या वेळी तुझे पोट किती ताणले गेले होते, पोटाचे मधले स्नायू एकमेकांपासून कसे दूर गेले आणि एवढा व्यायाम करूनही ते जवळ आले नाहीत, हे मी पाहिले आहे. त्यामुळे होणारी तुझी पाठदुखीही मला माहीत आहे. ओम आणि ओवीला सांभाळून तू नोकरी टिकवलीस, बढती घेतलीस, हे मी इथे सगळ्यांना अभिमानाने सांगते. स्वतःच्या पैशांनी स्वतःच्या शरीरासाठी काही करण्याचा तुला पूर्ण अधिकार आहे. माझा जीव अडकला आहे तो एकाच गोष्टीत. भुलीच्या डॉक्टरांकडच्या फॉर्ममध्ये ‘घरात कोणाला रक्ताच्या गुठळीचा त्रास झाला आहे का’ या प्रश्नापुढे तू ‘नाही’ लिहिलेस, असे तू सहज बोलून गेलीस.

मेघा, आपल्या घरात तो त्रास आहे. महेशच्या बाळंतपणानंतर माझा डावा पाय मांडीपर्यंत सुजला होता आणि मला कित्येक महिने रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घ्याव्या लागल्या होत्या. आणि आक्का, तुझी मावशी. आक्काचे तू ‘जुन्या काळची गोष्ट’ म्हणून उडवून लावलेस. तिचे गर्भपिशवीचे ऑपरेशन उत्तम झाले होते, टाके कोरडे होते, ती घरी येऊन अंथरुणात बसून सगळ्यांना कामे सांगत होती. एके सकाळी न्हाणीघराकडे जाताना तिला धाप लागली आणि दारातच ती कोसळली. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती. तुझ्या पहिल्या वाढदिवसाला हिरवी खणाची कुंची तिनेच शिवली होती. जोतिबाच्या चैत्र यात्रेत गर्दीतून मला हाताला धरून वर नेणारी ती, आणि माझ्या बाळंतपणात बाजेशेजारी बसून माझ्या पायाखाली उश्या सारणारीही तीच. असो. मला तिच्याविषयी लिहायचे नव्हते, पण हे लिहिताना तिला वगळताही येत नाही.

तुझ्या ऑपरेशनला लोक ‘टमी टक’ म्हणतात आणि ते फेशियलसारखे काहीतरी वाटते. प्रत्यक्षात पूर्ण भूल देऊन दोन ते चार तास चालणारी ही मोठी शस्त्रक्रिया आहे. ओटीपोटावर कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत छेद घेतात, वरची कातडी सोडवतात, सुटलेले स्नायू शिवून जवळ आणतात, जास्तीची कातडी काढून टाकतात आणि बेंबीसाठी नवी जागा करतात. पोट आवळले गेल्याने आतला दाब वाढतो आणि पायांकडून वर येणारे रक्त मंदावते. भुलीत पोटऱ्या हलत नाहीत, त्यामुळे ते रक्त वर ढकलले जात नाही, शिवाय जखम झाली की रक्त गोठण्याकडे शरीराचा कल आपोआप वाढतो. ही तिन्ही कारणे या ऑपरेशनात एकत्र येतात, म्हणूनच सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियांमध्ये गुठळीच्या बाबतीत डॉक्टर याला अधिक धोक्याचे मानतात.

डॉक्टर हा धोका गुणांवर मोजतात. त्या पद्धतीला कॅप्रिनी स्कोअर म्हणतात. ४५ मिनिटांहून लांबलेल्या मोठ्या ऑपरेशनला २ गुण, तू घेतेस त्या गर्भनिरोधक गोळ्यांना १, आणि घरातल्या गुठळीच्या इतिहासाला ३. तुझ्या ‘नाही’मुळे ही बेरीज ३ होते, खरी बेरीज ६ आहे. सर्वसाधारण शस्त्रक्रियांत बेरीज ५ किंवा त्याहून जास्त असली की धोका सर्वांत वरच्या गटातला धरतात. रक्त गोठू नये म्हणून हेपारिनच्या गटातले इंजेक्शन द्यायचे का, आणि ते घरी गेल्यावरही चालू ठेवायचे का, याचा विचार ही बेरीज समोर ठेवून होतो. तुझे सर्जन कितीही निष्णात असले तरी, तू न सांगितलेली गोष्ट त्यांना कळणार कशी? वॉर्डात माझे आयुष्य गेले. राउंडवर डॉक्टरांना ‘काही नाही हो’ म्हणणारा पेशंट त्यांची पाठ वळली की आम्हा सिस्टरांना सगळे सांगायचा.

त्या गोळ्यांचेही विचारून घे. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या मोठ्या ऑपरेशनच्या साधारण चार आठवडे आधी थांबवायला सांगतात, पण तू आपल्या मनाने थांबवू नकोस, दुसरी सोय काय करायची तेही विचार. आणि केसांसाठी घेतेस त्या कॅप्सुली, माशाच्या तेलाच्या गोळ्या, अश्वगंधा, हे सगळे त्या फॉर्मवर लिही. आयुर्वेदिक आहे म्हणून सांगायचे नाही, असे नसते.

आणखी एक गोष्ट मला पटलेली नाही आणि ती मी स्पष्ट लिहिते. पोट, कंबरेची लायपोसक्शन (चरबी ओढून काढणे) आणि छातीचे काम एकाच भुलीत उरकले तर पैसे वाचतात, असे तुला पॅकेजमध्ये सांगितले आहे. ऑपरेशन जितके लांबते तितका हा धोका वाढतो. पोटाचे करून घे, बाकीचे पुढे बघता येईल. लायपोसक्शन हा वजन उतरवण्याचा उपाय नव्हे, हे तुला ठाऊक आहेच. सर्जनचे तू पाहिले आहेस, एम.एस. नंतर प्लास्टिक सर्जरीत एम.सी.एच. आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी, ते ऐकून बरे वाटले, कारण नुसत्या ‘कॉस्मेटिक सर्जन’ या पाटीवरून शिक्षण काहीच कळत नाही. तिथे अतिदक्षता विभाग आहे का आणि रात्री कोण डॉक्टर हजर असतात, एवढे संदीपरावांना विचारून ठेवायला सांग. अशा ऑपरेशनला विमा पैसे देत नाही, म्हणून बिल वाढेल या विचाराने एक दिवस आधी घरी येण्याची घाई करू नका.

मी पुन्हा वॉर्डातल्या आवाजात बोलू लागले. तू दोन मुलांची आई आहेस, तुला इतके समजावण्याची गरज नाही, राग मानू नकोस. पण पुढचेही वाच.

पहिल्या दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी तुला उठवून चालवतील. टाके तुटतील असे वाटेल, ते तुटत नाहीत. आठवडाभर किंवा थोडे जास्त कमरेत वाकूनच चालावे लागेल, पण चाल, घरातल्या घरात, दर थोड्या वेळाने, आणि पडल्या पडल्या पावले वरखाली करत राहा. झोपताना पाठ उंच आणि गुडघ्यांखाली उशी. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धर. ड्रेनच्या नळीतून लालसर पाणी येईल, ते रोज मोजून लिहून ठेवायचे. ते पुरेसे कमी झाले की नळी काढतात. नंतरही कातडीखाली पाणी साठू शकते, ते सुईने काढता येते, त्याला घाबरू नकोस. जखमेची कड काळी पडली, ताप आला किंवा लाली पसरू लागली, तर मात्र त्याच दिवशी दाखव. साधारण सहा आठवडे पट्टा, आणि तेवढेच दिवस जड काही उचलायचे नाही. ओवी हात पसरून धावत येईल तेव्हा तुला सर्वांत कठीण जाईल. खाली बसून तिला जवळ घे, उचलू नकोस. आरशात सुरुवातीला सूजच दिसेल आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी ‘हे कशाला केले’ असे वाटून रडूही येईल. पुष्कळ जणींना येते. सूज उतरायला काही महिने जातात, व्रण फिका व्हायला वर्ष लागते, आणि बेंबीखालची कातडी बरेच दिवस बधिर राहते. म्हणून तिथे गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नकोस, भाजलेले कळत नाही.

आणि ज्यासाठी हे सगळे लिहिले ते पुन्हा लिहिते. गुठळीचा धोका हॉस्पिटलमधून घरी आल्यावर संपत नाही, तो काही आठवडे राहतो. एकच पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर चोळायची नाही, लगेच डॉक्टरांना फोन करायचा. अचानक धाप लागली, खोल श्वासाला छातीत कळ आली किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मलाही फोन करू नका, १०८ ला करा आणि मोठ्या हॉस्पिटलमध्ये जा. हे संदीपरावांनी आणि तुझ्या सासूबाईंनीही वाचावे, अशी माझी विनंती आहे.

म्हणूनच महेशच्या वास्तुशांतीला तू येऊ नयेस. ऑपरेशननंतर जेमतेम दोन आठवडे झालेले असतील. पुण्याहून कोल्हापूर सुमारे २३० किलोमीटर, त्यात कराडपाशी रस्त्याची कामे. पाय दुमडून इतके तास गाडीत बसणे मला मान्य नाही. महेशशी मी बोलले आहे, त्याला वाईट वाटले, पण आक्काचे त्यालाही ठाऊक आहे. तुझे बाबा इथले सगळे बघतील. मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कोयना एक्स्प्रेसने येते आणि तू सरळ उभी राहून चालू लागेपर्यंत राहते. वास्तुशांतीपुरती इकडे येऊन दुसऱ्या दिवशी परतेन. पांढरा रस्सा मी तिथेच करून देईन, सुरुवातीला तिखट नको.

माझे त्या वेळचे डिस्चार्ज कार्ड बाबांनी कपाटातून शोधून काढले. त्यावर ‘डीप व्हेन थ्रॉम्बोसिस’, म्हणजे खोल शिरेतली रक्ताची गुठळी, असे निदान स्वच्छ वाचता येते. त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे. ती भुलीच्या डॉक्टरांना स्वतः नेऊन दे, आक्काचेही सांग, आणि ते ‘नाही’ खोडून ‘होय, आई आणि मावशी’ असे लिही. त्यांनी रक्ताच्या तपासण्या सांगितल्या किंवा तारीख पुढे ढकलली, तर ढकलू दे. केल्यावर मला कळव, किती का उशीर झालेला असेना.

तुझी,
आई

ता. क. पायांत घालायचे घट्ट मोजे अंदाजाने मागवू नकोस. पोटरीचा आणि मांडीचा घेर मोजूनच घे, आणि घातल्यावर त्याची वरची कड दुमडू नकोस, ती दोरीसारखी आवळते.