करंज्या तेवढ्या घरी होऊ देत

स्टुटगार्ट,
रविवार, ७ डिसेंबर २०२५

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू जाहीर केलंस, "पुढच्या दिवाळीपासून सगळा फराळ बाहेरून. मी काही आता ओट्यापाशी उभी राहणार नाही." मी "बरं" म्हणालो आणि फोन बाबांकडे गेला. ते "बरं" अर्धंच होतं. उरलेलं इथे लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि घरच्या ग्रुपवर चार ओळींपेक्षा जास्त लिहिलं की आत्या त्यावर हात जोडल्याचं चित्र टाकते आणि विषय मिटतो.

आधी तुझ्या बाजूचं बोलतो. गुडघे दुखत असताना चार-चार तास तळण काढायचं काही कारण नाही. वाड्यात होतो तेव्हा माणसंही तेवढी होती नि हातही तेवढे होते. आता गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये तू आणि आई, आणि खाणारे सगळे साखर तपासून घेणारे. चिवडा तर विकतच आण. अख्खा महाराष्ट्र नाशकात गाडी थांबवून चिवडा घेऊन जातो आणि आपणच तेवढे घरी पोहे भाजत बसायचं, याला काय अर्थ आहे? शेव, चकली, अनारसे बचत गटाच्या बायकांकडून घे. त्यांची चकली तुझ्याइतकी खुसखुशीत नसेल, पण नव्वद टक्के असेल. काका दहा टक्क्यांवरून दोन दिवस कुरकुरतील, मग बशी संपवतील.

फक्त करंज्या सोडून. त्या घरी होऊ देत.

आता म्हणशील, जर्मनीत बसून याला करंज्यांचा उमाळा कुठून आला. आला तो खालच्या मजल्यावरून. तिथे एक आजी राहतात. सत्तरी ओलांडलेली, एकट्याच, जिन्यात पाय वाजला की दार किलकिलं करणाऱ्या. दिवाळीला आमची छोटी त्यांच्याकडे फराळाचं ताट देऊन आली होती. चकली त्यांनी आवडीने खाल्ली, बेसनाचा लाडू खाताना मात्र मधेच थांबून पाणी मागितलं. आणि ताट काही परत केलं नाही. मला वाटलं, विसरल्या. मागच्या आठवड्यात तेच ताट बिस्किटांनी भरून वर आलं. रिकामं ताट परत करायचं नाही, हे त्यांना कुणी शिकवलं देव जाणे.

इथे नाताळच्या आधीचे चार रविवार पाळतात. फांद्यांच्या गोल वेढ्यात चार मेणबत्त्या बसवायच्या आणि दर रविवारी एक जास्त पेटवायची. आज दुसरी. या दिवसांत घरोघरी बिस्किटं भाजतात, इकडच्या श्वाबी बोलीत गुट्सले म्हणतात त्यांना. पाच-सहा प्रकारांची, पत्र्याच्या डब्यांत, प्रत्येक थरामध्ये कागद घालून ठेवलेली. डबे उंच कपाटावर, मुलांचा हात पोचणार नाही असे. तुझा लाडवांचा डबा कुठे असायचा ते मी इथे लिहीत नाही, नाहीतर इतक्या वर्षांनी चोरी उघडी पडेल.

पण या आजींनी सणाची विभागणी कशी केलीय बघ. श्टोलन नावाचा एक जड, गोड पाव असतो. आत मनुका, बदाम, पाकवलेल्या संत्र्या-लिंबाच्या साली, वर वितळलेलं लोणी आणि पिठीसाखरेचा जाड थर. ड्रेस्डेन शहराचा सगळ्यांत नावाजलेला, ते नाव बाहेरच्या बेकरीला लावताही येत नाही. नीट मुरायला त्याला दोन-तीन आठवडे लागतात. तो आजी बेकरीतून आणतात. पंचवीस तारखेच्या जेवणाचा हंस खाटकाला आधीच सांगून ठेवलेला. आणि चोवीसची रात्र, जी त्यांची खरी सणाची रात्र, तेव्हा कित्येक घरांत नुसतं बटाट्याचं सॅलड आणि गरम सॉसेज! मला पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं, हा सण आहे की उपास? लक्ष्मीपूजनाला बटाट्याची भाजी आणि पोळी वाढली असती तर आजोबांनी ताट सरकवलं असतं. आजी म्हणाल्या, त्या संध्याकाळी झाड असतं, चर्च असतं, मुलांच्या भेटवस्तू असतात, स्वयंपाकघरात कोण अडकून पडेल? सॅलड आदल्या दिवशी करायचं, मुरलं की आणखी चांगलं लागतं. यात कुणालाच कमीपणा वाटत नाही.

गुट्सले मात्र त्या विकत आणत नाहीत. शनिवारी त्यांनी छोटीला आणि मला खाली बोलावलं. त्या दिवशी श्प्रिंगरले करायची होती. त्यांच्या आजीचा लाकडी साचा आहे, पेअरच्या झाडाच्या लाकडाचा, त्यात हरीण, घोडेस्वार, फुलांची परडी असं कोरलेलं. अंडी आणि पिठीसाखर भरपूर वेळ फेटायची, मैदा घालून बोटाच्या पेराएवढी जाड पोळी लाटायची आणि साचा दाबायचा. दाबून उचलला की घोड्याची शेपूट, फुलाच्या पाकळ्या, सगळं स्वच्छ उठतं. मग सुरीने चौकोन कापून, बडीशेपेसारखे अनिसचे दाणे पसरलेल्या ताटावर ठेवायचे आणि एक दिवस तसेच सुकू द्यायचे. वरचा पापुद्रा सुकून घट्ट होतो. त्यामुळे भट्टीत गेल्यावर चौकोन वरून फुगत नाही, नक्षी हलत नाही. फुगतो तो खालून, आणि प्रत्येक बिस्किटाखाली एक छोटा पाया उभा राहतो. पाया सगळ्या बाजूंनी सारखा आला नाही तर आजी नाक मुरडतात. अनारशाला जाळी पडली नाही की तुझं जे तोंड व्हायचं, तेच.

पिठात त्यांनी चिमूटभर पांढरी पूड घातली. ओव्हनचं दार उघडलं आणि नाकात झणकन गेलं. अमोनिया! आपल्याकडचे बेकरीवाले बिस्किटांत घालतात तोच. भाजताना त्याचा सगळा वायू होतो, बिस्किट हलकं होतं आणि वास उडून जातो. म्हणून तो चपट्या, कोरड्या बिस्किटांतच चालतो. जाड केकात वायू अडकून बसतो आणि चव बिघडवतो. मी आजींना म्हटलं, हा वास मला नाशिकचा वाटतो. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतोय.

तुला आठवतंय ना, तिवंध्याजवळच्या वाड्यात असताना दिवाळीच्या सुट्टीत आपण बेकरीतून नानकटाया पाडून आणायचो? मैदा, रवा, पिठीसाखर, तूप असं सगळं घरून मोजून न्यायचं. पावाचा घाणा निघाला की घरगुती मालाची पाळी. सकाळपासून नंबर लावायला मी आणि दादा. तू मागाहून यायचीस आणि दारातच उभी राहायचीस, आपलंच तूप आपल्याच पिठात पडतंय ना ते बघायला. काळ्याकुट्ट पत्र्यांवर पांढऱ्या गोळ्या, वर चारोळीचा दाणा, मग लांब दांड्याच्या फळीवरून पत्रा आत. बाहेर येताना कडेच्या नानकटाया जरा जास्त लाल झालेल्या असायच्या, त्या आम्हाला तिथेच मिळायच्या. मळलं बेकरीवाल्याने, भाजलं त्याने, भट्टीही त्याची. तरी डबा घरी आल्यावर तू शेजारी सांगायचीस, "आमच्या घरच्या आहेत." आणि त्या होत्याच. म्हणून म्हणतो, बाहेरून आणण्यावर माझा राग नाही. सगळ्यांचा हात लागणारी एक गोष्ट उरायला हवी, एवढंच.

आमची इथली दिवाळीही अशीच उसनवारीची झाली. ऑक्टोबरात पोह्यांना दाखवायला ऊन नाही, म्हणून पातळ पोहे ओव्हनमध्ये शंभर अंशावर पसरले, दाराला लाकडी चमचा लावून फट ठेवली. वाफ निघून गेली आणि पोहे छान कुरकुरीत झाले. मैद्यावर इथे आकडे असतात. ४०५ म्हणजे आपला मैदा, आकडा वाढेल तसा कोंड्याचा अंश जास्त. तूप तयारही मिळतं, पण त्याला आपला वास नाही. तुझ्या सुनेने त्यावर तोड काढली. इथे गोड सायीचं लोणी वेगळं मिळतं आणि विरजलेल्या सायीचं वेगळं. विरजलेल्याचं कढवलं की घरभर तोच वास, बेरीसकट. चंपाषष्ठीला तिने भरीतही केलं, शेगडीला ज्योत नाही म्हणून ओव्हनच्या ग्रिलखाली वांगी भाजून. जळगावची असल्यामुळे ते खाताना ती स्वतःच म्हणाली, "याला भरीत म्हणू नका." खायला चांगलं होतं.

एक सांगायचं राहील. येणाऱ्या-जाणाऱ्यांबरोबर तूप, पेढे, खव्याचं काही पाठवू नकोस. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून युरोपात आणायला बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. भाजणी पाठव. तांदूळ चार, हरभऱ्याची डाळ दोन, उडीद डाळ एक, हे प्रमाण मला पाठ आहे, पण इथे गिरणी कुठून आणू? मिक्सरमधल्या पिठाची चकली कडेला तुटते.

आता करंज्यांचं. पुढच्या वर्षी लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि आम्ही तिघंही येतोय. रजा सांगून ठेवली आहे. तेव्हा कार्यक्रम असा धर. करंज्या पन्नास-साठच, वाड्यातल्यासारख्या परातीच्या पराती नाहीत. सारण आदल्या दिवशी. सुकं खोबरं काका किसतील, बोटं सांभाळून. खसखस भाजणं आईकडे, कारण ती जळू देत नाही. तू जेवणाच्या टेबलापाशी खुर्चीवर बसायचं, पाट नाही. साटा मात्र तूच लावायचास. तांदळाची पिठी आणि तूप किती फेसायचं याचा अंदाज दुसऱ्या कुणाला नाही. आम्ही प्रमाण विचारलं की "पांढरं होईपर्यंत" एवढंच सांगतेस. लाटणं दादाची बायको आणि तुझी सून. भरणं छोटी. तिला सारण जास्त भरायची सवय आहे, दोन-चार फुटतील, फुटू देत. कातणं बाबांच्या हातात, निवृत्त झाल्यापासून त्यांना कशात तरी अचूकपणा दाखवायचा असतो. आत्याने मुरडीच्या पाच तरी करायच्या, नैवेद्याच्या. ती बोटाने मुरड घालते तशी कुणालाच जमत नाही आणि शिकवायला बसली की भांडते. तळण माझं. इथे मंद आचेचा सराव झालाय. तळलेल्या करंज्यांवर कागद टाकून झाकायचं नाही, मऊ पडतात, हे तुझंच वाक्य आहे आणि मी ते सुनेला माझं म्हणून सांगतो.

आणि पाडव्याला पहाटे उठून पिंपळपारावर गाणं ऐकायला जायचं, हेही त्यातच धर. फराळ घरी आला म्हणून कुणी आठ वाजेपर्यंत झोपायचं नाही.

तोवर तुझ्या नव्या ओव्हनसाठी एक प्रकार लिहितो. श्प्रिंगरले तुझ्या कामाची नाहीत, त्यात अंडी असतात. पण या आजींच्या व्हॅनिलाकिप्फर्लमध्ये अंडं नसतं. मैदा २८० ग्रॅम, थंड लोणी २१०, बदामाची किंवा अक्रोडाची पूड १००, पिठीसाखर ७०. हलक्या हाताने गोळा करून तासभर फ्रिजमध्ये. मग करंगळीएवढ्या वळकट्या, चंद्रकोरीसारख्या वाकवायच्या. १७५ अंशावर बारा मिनिटांच्या आसपास, कडा जेमतेम पिवळ्या होईतो. गरम असतानाच व्हॅनिला घातलेल्या पिठीसाखरेची पखरण. लगेच उचलायला जाऊ नकोस, हातात मोडतात, दहा मिनिटं थांब. व्हॅनिला नसेल तर वेलदोडा घाल, जर्मनांना मी सांगणार नाही. काकांना वाटेल, नानकटाईची वाकडी बहीण आली.

तिकडे निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येत असतील. कानटोपी घालून फिरायला जा. मार्गशीर्षातले दोन गुरुवार अजून राहिलेत, उपासाच्या दिवशी नुसत्या चहावर राहू नकोस. आईला सांग, संक्रांतीचे हलव्याचे दागिने छोटीसाठी नकोत, तिला ते खायचेच असतात. दादाला सांग, त्याच्या मित्राची द्राक्षं यंदा निर्यातीला जाणार असतील तर मार्चमध्ये आमच्या दुकानात "भारत" लिहिलेले डबे येतात, मी बघून ठेवीन.

कातणं जुन्या घरच्या ट्रंकेत पितळी भांड्यांबरोबर असेल. त्याचं चाक फिरतंय का ते काकांकडून पाहून घे आणि कळव. फिरत नसेल तर येताना इथून आणतो, इथे लाकडी मुठीचं चांगलं मिळतं.

काका, बाबा, आई, आत्या यांना सा. न., दादा-वहिनीला नमस्कार, त्यांच्या चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. आईने हे पत्र मोठ्याने वाचून दाखवायला घेतलं तर आत्याचं वाक्य गाळायला सांग.